बाईंचं सातवं प्रकरण

४ ऑगस्ट, सोमवार

वाचनकक्ष उघडायच्या आधीच स्पर्धा परीक्षेची पोरं दारात. खुर्च्यांवर दप्तरं टाकून जागा धरायची आणि चहाला जायचं. आज तीनदा बोलले. काही उपयोग नाही.

नसीमबाई अकराला आल्या. खिडकीजवळची त्यांची खुर्ची कुणीतरी धरली होती. मी ते दप्तर उचलून काउंटरवर आणून ठेवलं. आमच्या गावच्या, साखऱ्याच्या, शाळेत बाईंनी मला मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर हिंगोलीत मुलाकडे आल्या, आणि चार वर्षांपासून आमच्या या विद्यापीठ उपकेंद्राच्या लायब्ररीत बसून कादंबरी लिहितात. मी इथं ग्रंथालय सहायक, म्हणून टंकन माझ्याकडे. त्यांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागतही नाही. सहा प्रकरणं झाली. आज सातव्याची वही दिली. म्हणाल्या, हे घाईनं वाचू नकोस.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत वाचलं. डबा तसाच परत नेला.

खेड्यातली शाळा. सातवीतली रुक्मिण, वर्गात सगळ्यांत हुशार, हिशेब तोंडी करणारी. डाव्या अंगठ्यावर विळा लागल्याची खूण. तिचं लग्न ठरतं. बाई तिच्या घरी जातात, शाळा सोडवू नका म्हणून सांगायला. बाप त्यांना अंगणातच उभं करतो, आत बोलावत नाही. ऐकून घेतो, आणि या आता, म्हणतो. बाई परत येतात.

ती खूण आमच्या गयाक्काची. माझी थोरली बहीण. मी सहा वर्षांची होते तेव्हा तिचं लग्न झालं. दुसऱ्या वर्षी बाळंतपणात गेली. पंधरा वर्षांची होती. आमच्या घरात तिचं नाव निघत नाही. पुढं बाईंनी मला तीन वर्षं शिकवलं, त्याही कधी काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

म्हणजे बाई आल्या होत्या. तिच्यासाठी कुणीतरी आलं होतं.

दुपारनंतर परत आलेली पुस्तकं भलत्याच कपाटात लावून ठेवली. उद्या शोधावी लागतील.

६ ऑगस्ट

ठरवून गेले की आज विचारायचं. बाईंजवळ जाऊन एवढंच म्हणाले, वाचलं.

“अंगण नीट उतरलंय का?”

हो म्हणाले. मग एक पोरगा पुस्तक नूतनीकरणाला आला आणि मी उठले. उठायचं कारणच पाहिजे होतं मला.

१३ ऑगस्ट, बुधवार

बाईंनी नवी वही दिली. वर लिहिलंय, प्रकरण आठवं. आत सातवंच आहे. पहिलं वाक्य अक्षरशः तेच. हजेरीच्या वेळी रुक्मिणचा आवाज येत नाही, तेही तेच. पण इथं बाई एकट्या जात नाहीत. हेडमास्तरांना आणि पोलीस पाटलाला सोबत नेतात. लग्न मोडतं. रुक्मिण हिंगोलीला वसतिगृहात राहायला येते. शेवटी एस.टी.त खिडकीशी बसलेली आहे, मांडीवर पिशवी, आणि दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचतेय.

मासिकांच्या खोलीत जाऊन रडले. मग तोंड धुऊन काउंटरला बसले.

वाटलं, बाईंनी पुन्हा लिहून पाहिलं असेल. लेखक लिहितात तसं. संध्याकाळी विचारलं, यातलं कुठलं ठेवायचं? त्या म्हणाल्या, कुठलं म्हणजे? सातवं तर तुला दिलं, हे पुढचं.

१४ ऑगस्ट

बाईंचा मुलगा इम्रान त्यांना न्यायला आला. त्याला बाजूला घेऊन वह्यांचं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. सहा-सात महिने झाले म्हणाला. गॅस चालू ठेवून बाहेर निघून जातात. नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. हे वाढतच जाणार, कमी व्हायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

“ताई, लिहायला बसली की अम्मी बराबर राहते. घरी आली की मला अब्बा समजून बोलते. तुमी तिला काही दाखवून देऊ नका.”

नाही देणार म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

२२ ऑगस्ट, पोळा

रजा टाकून साखऱ्याला. दादा बैल घेऊन मारुतीच्या पाराकडे गेला. घरात मी आणि आई. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आता तरी विचारता येईल असं वाटलं. आई पुरण वाटत होती. विचारलं, गयाक्काच्या लग्नाआधी शाळेतल्या बाई आल्या होत्या का गं आपल्या घरी?

तिचा हात थांबला नाही.

“आलं व्हतं कुणीतरी. मास्तरीण व्हती का पंचायतीतलं कुणी, ध्यानात न्हाई. तुझा बाप बोलला भायेर. मी चुलीपाशी. मला तवा कुणी इचारलं न्हाई, तू आता काहून इचारून राहिली?”

नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. निघताना पोळ्या बांधून दिल्या. नेहमीपेक्षा जास्त.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तिसरी वही. प्रकरण नववं. पुन्हा तेच.

पण यात बाई जातच नाहीत. नवी नोकरी, परक्या गावात एकटी मुसलमान बाई, भाड्याच्या खोलीत. आपण बोललो तर उद्या गाव आपल्याला राहू देईल का, हा विचार करत आठ दिवस काढतात. लग्न होऊन जातं. मग एका सकाळी रुक्मिणच्या नावावर तांबडी रेघ मारतात आणि पुढचं नाव पुकारतात. एवढंच. चार पानं.

तिन्हींत हे सगळ्यांत चांगलं लिहिलंय. एकही खाडाखोड नाही. म्हणूनच भीती वाटते की हेच खरं असेल.

२८ ऑगस्ट

राग येतोय. कुणाचा ते कळत नाही. बाई नसत्या गेल्या तर त्यांचा यावा, पण तिसऱ्या वहीतली ती आठ दिवस विचार करत काढणारी बाई बघितल्यावर तोही येत नाही. बाबांचा यावा तर ते नाहीत. आईचा यायला नको. मीही घरातच होते की. सहा वर्षांची असले तरी.

३० ऑगस्ट, शनिवार

शेवटी विचारलं. बाई, तुम्ही खरंच गेला होता का तिच्या घरी?

म्हणाल्या, कुठं?

मी शाळेचं सांगितलं, गावाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वर्गात ऐकायच्या तसं मान हलवत. मग मलाच विचारलं, तू कुठली गं? साखऱ्याची म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “मी होते तिथं. पोरी फार हुशार त्या गावच्या.” आणि पुन्हा लिहायला लागल्या.

पुढं काही विचारायची हिंमत झाली नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

इम्रान आला होता. पुढच्या आठवड्यात बाईंना संभाजीनगरला आपल्या बहिणीकडे ठेवणार. दुकान सोडून त्याला दिवसभर घरात बसता येत नाही, बायकोला एकटीला आवरत नाही. सांगताना खाली बघत होता. जेवढं टाईप झालंय तेवढं छापून द्या म्हणाला, अम्मीजवळ पुस्तकासारखं राहील.

सहा प्रकरणं छापली. सातव्याच्या जागी तीन फाइली आहेत. ग्रंथपाल सरांना विचारलं, फार खोलात न सांगता. म्हणाले, वाचकाला पटेल ते ठेवा. वाचक तर मीच आहे, आणि मला कुठलंच पटत नाही. अंगणाचं छापावं तर ते खरं कशावरून? वसतिगृहाचं छापावं तर गयाक्का गेली ती गेलीच. रेघेचं छापावं तर बाईंच्या हाती आयुष्याच्या शेवटी ते द्यायचं? प्रिंटरसमोर उभी राहिले. मागं पोरांची रांग लागली, मग बाजूला झाले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज बाईंचा लायब्ररीतला शेवटचा दिवस. त्यांना तसं सांगितलेलं नाही. सकाळी बऱ्या होत्या. पोरांनी आपणहून खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवली होती, कुणी सांगितलं त्यांना कोण जाणे.

म्हणाल्या, सातवं वाचून दाखव. मी सुरुवात वाचली. तिन्ही वह्यांत सुरुवात एकच, त्यामुळं वाचता आली. हजेरीच्या वेळी रुक्मिणचा आवाज येत नाही, इथपर्यंत आले. पुढं काय वाचायचं कळेना, म्हणून थांबले.

बाई म्हणाल्या, “मग? मी गेले का गं तिच्या घरी?”

मी पान मागं उलटलं.

“तू गयाची धाकटी. लहान होतीस, पण घरातच होतीस ना.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा तिचं नाव ऐकलं. त्यांना ठाऊक होतं, मी कोण ते.

मी म्हणाले, “तुम्ही आला होता, बाई. अंगणात उभ्या होता तुम्ही. मी पाहिलं.”

मी काही पाहिलेलं नाही. मला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही.

त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग वर बघून विचारलं, “आणि गया? ती बाहेर आली होती का?”

इम्रान रिक्षा घेऊन खाली येऊन थांबला होता. मी बाईंसमोर बसले होते. त्या पेन धरून वाट बघत होत्या.