दादाच्या नावापुढची सही

बुधवार, ४ मार्च

नाव लागलं! अकरा महिने, चार कचेऱ्या, सतरा अर्ज — आणि आज दादाचं नाव लागलं. दर बुधवारी चार वाजता, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. लढाईवरून परतलेली माणसं बसतात, बोलतात. घरच्यांनी बाहेर व्हरांड्यात थांबायचं. तिथेच टेबलावर हजेरीची वही.

बैठक चालवणारे पूर्वी सैन्यात ट्रक चालवायचे. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. म्हणाले, "आत कुणी कुणाला नाव विचारत नाही. वाटेल तेव्हा ज्याचा तो सांगतो. चहा मात्र भिकार असतो, आधीच सांगून ठेवतो."

दादा फाटकापर्यंत आला. कडीला हात लावून उभा राहिला. मग म्हणाला, "पुढच्या बुधवारी, कारकून."

मी सगळं लिहून ठेवतो म्हणून तो मला कारकून म्हणतो.

गुरुवार, ५ मार्च

आईच्या हातून झाकण पडलं. दादा टेबलाखाली! आई ताट घेऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिथेच भाजी निवडत राहिली. जणू रोज तिथेच निवडते.

बुधवार, ११ मार्च

पुन्हा फाटक. पुन्हा माघारी. दादा घरी गेला, मी व्हरांड्यात थांबून वही चाळली. एका नावापुढे लागोपाठ तीन शून्यं आणि मग लाल फुली. दुसऱ्याही एका नावापुढे तसंच. शाळेत माझं नाव असंच काढलं होतं — बाबांच्या आजारपणात महिनाभर गेलो नाही. आधी लाल फुली, मग नावच नाही. आठवीतच शिक्षण संपलं.

दादाची जागा गेली तर पुन्हा अकरा महिने! काकांना विचारावं का? विचारलं तर त्यांचं लक्ष दादाच्या मागच्या बुधवारच्या शून्याकडे जाईल. नको.

त्याच्या नावापुढे सही केली. त्याची सही मला हुबेहूब येते. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या ऐवजी तोच करायचा.

रविवार, १५ मार्च

दादाचा हात थरथरतो, म्हणून त्याची दाढी मी करतो. आज साबण लावल्यावर आपणहून बोलला.

"आमच्यातला एक जखमी होऊन हाका मारत होता. दुपारभर. चाळीस पावलांवर. मला हुकूम होता — जागेवरून हलायचं नाही."

मी वस्तरा धरून तसाच उभा. म्हटलं, "दादा, हे तिथे सांग ना. बुधवारी."

"ते विचारतील, का गेला नाहीस."

"नाही रे विचारणार!"

"मग मी कुणाला सांगू?"

फेस वाळून गेला. पुन्हा लावला.

बुधवार, १८ मार्च

दादा आज घरातून निघालाच नाही. मी एकटाच गेलो. सही केली. बैठक सुटल्यावर ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "तुमचा माणूस घरी बोलतो का काही?"

"थोडंसं."

"बोलेल. घाई करू नका."

तोंडापर्यंत आलं होतं — तो आत नव्हताच! पण गिळलं.

बुधवार, २५ मार्च

सही केली. चहा खरंच भिकार आहे.

शनिवार, २८ मार्च

दादा चक्क मी कामाला आहे त्या दुकानात आला! मी चष्म्याची काच घासत होतो. त्याने सगळ्यात जाड फ्रेम डोळ्यांवर चढवली आणि मालकांना म्हणाला, "याला सुट्टी द्या. आजपासून कारकून मी." मालक म्हणाले, "तुम्ही बसा, पण हा माझ्या चुका काढतो, तेवढं तुम्ही करू नका." दादा हसला. खरंच हसला! दोन वर्षांनी.

आईला सांगितलं तर पदराने डोळे पुसत राहिली.

बुधवार, १ एप्रिल

तो म्हणाला, "पुढच्या बुधवारी नक्की." मी सही करून आलो. आता एकच आठवडा निभवायचा.

सोमवार, ६ एप्रिल

दादा गेला. आई बाजारात होती, मी दुकानात. चिठ्ठी नाही. सकाळची भांडी घासून, आवाज होऊ नये म्हणून फडक्यावर पालथी घातली होती.

त्याने स्वतःच जीव दिला. लिहिलं. आता पुढे लिहवत नाही.

शुक्रवार, १० एप्रिल

ड्रायव्हरकाका आणि आणखी दोघं भेटायला आले. काका आईच्या पायाशी बसले. म्हणाले, "किती आठवलं, पण चेहरा डोळ्यांसमोर येत नाही त्यांचा. माझंच चुकलं."

निघताना दारात मी विचारलं — ती लाल फुली कशाची?

"ती होय? लागोपाठ तीन बुधवार कुणी आला नाही की मारतो. मग त्याच संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या घरी जातो. आत घेतलं नाही तर पायरीवर बसतो, तो दार उघडेपर्यंत." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचे दादा तर नेमाने येत होते."

चार, अकरा, अठरा.

अठरा तारखेला ते आले असते.