उलटा छापलेला शंख

मी, गोवर्धन त्र्यंबक प्रधान, वय एकोणसत्तर, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार भाईंदर पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. छातीचे मात्र आता काही खरे नाही.

१. राहता ब्लॉक मुलगा निहार याला मिळावा, पण कलम चार पुरे केल्यावरच.

२. कंपास, शाईची पेने आणि शिंपले, पाने, मिठाचे खडे यांची सगळी चित्रे नात इशिता हिला. प्रत्येक वळण मोजून काढले आहे. कंपासला तेल देत जा, बाळा. सोसायटीच्या सेक्रेटरीला एकही चित्र देऊ नये. माझ्या कागदांना तो रद्दी म्हणाला होता.

३. कपाटातला शंख मला वरसाव्याच्या दशरथ कोळ्याने दिला. त्याचे वेढे कोणत्या पटीने वाढतात ते मोजून मी ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर चित्र काढले. छपाईला मीच ट्रेसिंग पालथे ठेवले. सही नंतर छापलेल्या चित्रावर शाईने केली, म्हणून चूक कोणाला दिसली नाही. साधा डाव्या वळणाचा शंख चित्रात उजव्या वळणाचा, दक्षिणावर्ती झाला, लाखात एक सापडणारा.

मीरा रोडच्या प्रदर्शनात लोक चित्रापुढे हात जोडू लागले. दशरथने विचारले, "भाऊ, यो मीच आनलेला शंक ना?" चाळीस वर्षे इतरांच्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवणारा मी, चित्र उलटे छापले हे चार लोकांत कबूल करायला लाजलो. म्हणालो, "हो, तुझाच." दिलेली वस्तू परत मागायचा त्याचा स्वभाव नव्हता. "मंग थितं आनखी असतील," म्हणाला. ऐन पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असताना, तो एकटाच समुद्रात गेला. होडी सापडली, तो नाही. ही गोष्ट १९९१ ची. मी आजवर कोणाला सांगितली नाही. मी भित्रा माणूस आहे.

४. दशरथची बायको अनसूया हिने ते छापील चित्र देव्हाऱ्यात ठेवले आहे. त्याला ती रोज फूल वाहते. निहारने स्वतः वरसाव्याला जावे, शंख तिच्या हाती द्यावा आणि कलम तीन तिला मोठ्याने वाचून दाखवावे. एकही शब्द गाळू नये. ती शिव्या देईल, त्या ऐकून घ्याव्यात. माझ्या वतीने क्षमा मागू नये. तिने शंख फेकला तर उचलून परत देऊ नये. देव्हाऱ्यातल्या चित्राला हात लावू नये. त्याचे काय करायचे ते तिचे ती बघेल.

सही: गो. त्र्यं. प्रधान

आमच्यासमोर सही केली:
उर्मिला वर्तक, शेजारीण
हितेश शहा, दुकानदार

भाईंदर, १४ नोव्हेंबर १९९६