गोठ्यातली पाहुणी

॥ श्री ॥

हिरेवाडी, भाद्रपद वद्य ३, शके १८५३

चि. सिद्धाप्पास आज्जीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे माझे गुडघे सोडून सगळे खुशाल आहेत. तुझी खुशाली तू कळवत नाहीस, ती मी धरून चालते.

हे पत्र नेहमीप्रमाणे शेजारचा लालसाब लिहितो आहे. चौथी शिकलेला माणूस. मी हाय म्हटले की तो आहे लिहितो आणि मला शहाणी करून टाकतो. मजुरी म्हणून तांब्याभर ताक पितो, वर मीठ नाही म्हणून कुरकुरतो. पत्र संपले की खाली 'ता. क.' लिहायचे असते म्हणे, वर राहून गेलेले सांगायला. मला अक्षर कळत नाही, पण ऐकू येते. ता. क. म्हणजे ताक. नाहीतर दर पत्राला त्याचे काहीतरी राहून कसे जाते?

तू दवाखान्यातून धाडलेला सरकारी कागद चावडीवर लागला. लालसाबने तो सगळ्यांना वाचून दाखवला. जनावराने चारा सोडला, डोळ्यांना पाणी आले, की त्याच दिवशी पाटलाकडे वर्दी द्यावी. ते वेगळे बांधावे, जुंपू नये, बाजारात नेऊ नये. मी चारचौघांत सांगून टाकले की जिचा नातू गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, तिच्या गोठ्याकडे रोग बघायचा नाही. ईश्वरप्पा पाटील म्हणाला, म्हातारे, रोगाला वाचता येत नाही. मी म्हटले, मलाही येत नाही, म्हणून तर आमचे जमते. लोक हसले. मलाही बरे वाटले.

हस्त लागला आहे, वापसा चांगला आहे, जमीन पेरणीजोगी झाली आहे. आपला कोसा आणि लालसाबचा बाशिंग्या मिळून दोन घरांची एक बैलजोडी. हे आठ दिवस गेले तर ज्वारी कुणाचीच पडायची नाही. म्हणून जोडी रोज चालू आहे.

आणखी एक. घरी पाहुणी आली आहे. काही खात नाही, डोळ्यांना सारखे पाणी. मी दाराला लिंबाचा डहाळा लावला आहे आणि तिची आदब ठेवून आहे. लालसाब लेखणी थांबवून विचारतो की कोण पाहुणी, मला कशी दिसली नाही. मी म्हटले, बायकांच्या पाहुण्यांची चौकशी पुरुषांनी करू नये. तू माझ्या हाताखाली वाढलास, तू समज आणि लवकर काय ते कर.

माया पातळ होऊ देऊ नको.

केराबाई

ता. क. ताकात आजही मीठ नाही. — लालसाब

•

सोलापूर, ता. ३ ऑक्टोबर १९३१

ती. आज्जीस सिद्धाप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र पावले. पाहुणी कोण ते तू लिहिले नाहीस, पण मी बरा ओळखतो. गेल्या खेपेस बोरामणीकडच्या कुण्या मुलीची गोष्ट तूच काढली होतीस. आता तिला घरीच आणून ठेवलीस, आणि ती बिचारी जेवत नाही, रडते. तिचे बरोबर आहे. फिनेलच्या वासाचा नवरा कुणाला हवा? तरी पाहुणचारात कमी नको, म्हणून सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर एक खण पाठवतो. तिची ओटी भर आणि तिला तिच्या गावी पोचती कर.

येथे जेवायला फुरसत नाही. नदीकाठच्या चार गावांत बुळकांडी आली आहे. गुरांचा बाजार हुकमाने बंद केला आहे, रस्त्यावर शिपाई बसवून गुरे माघारी धाडतात. लसीच्या बाटल्या थोड्या, म्हणून जिथून वर्दी येते तिथेच डॉक्टरसाहेब जातात. हिरेवाडीची वर्दी नाही, तेव्हा मी निश्चिंत आहे. लोक मात्र फार लपवतात. परवा एकाने आजारी गाय माजघरात घेऊन पुढे पडदा लावला आणि आत बाळंतीण आहे म्हणून सांगितले. बाळंतीण हंबरली तेव्हा कळले. आम्ही दवाखान्यात दिवसभर हसत होतो. आपल्यापायी शेजाऱ्याची गुरे मरतील याची असल्या माणसांना लाज कशी वाटत नाही, देव जाणे.

लालसाबकाकांना सलाम. हे सगळे त्यांनी तुला सावकाश वाचून दाखवावे.

तुझ्या आशीर्वादावर चाललेला,
सिद्धाप्पा

•

हिरेवाडी, भाद्रपद वद्य ११

चि. सिद्धाप्पास लालसाबचा आशीर्वाद. वि. वि. हे पत्र मी माझ्या मनाने लिहितो आहे. केराबाई आत्यांना ठाऊक नाही.

बाशिंग्याने परवापासून चारा सोडला आहे. नाक कोरडे, डोळ्यांना पाणी, हिरड्यांवर फोड; आज सकाळपासून पातळ होते आहे. तुझ्या कागदात होते ते सगळे. तो कागद मीच गावाला वाचून दाखवला होता, म्हणून त्याच दिवशी पाटलांना वर्दी दिली आणि त्याला माळावर वेगळा बांधला. त्याचे पाणी मी वेगळ्या बादलीने नेतो.

आता गाव म्हणते, रोग लालसाबने आणला. गेल्या महिन्यात माझे मेव्हणे नबीसाब दुधनीहून गाडी घेऊन आले होते, त्यांच्या बैलांवर बोट ठेवतात. त्यांचे बैल धडधाकट आहेत, मी निरोप पाठवून विचारून घेतले. पण माझी बायको अजीजा आडावर गेली की बायका घागरी उचलून लांब होतात. चौदा वर्षे मी या गावाची पत्रे लिहितो. आता माझ्या हातचा कागद घ्यायलाही माणसे बिचकतात.

मी बाशिंग्याला बाजारात नेला नाही. कोसाशिवाय तो कुणाजवळ उभा राहिला नाही. कोसाचे म्हणशील तर पेरणीचे तीन दिवस तो मरगळलेला होता. मग आत्या म्हणाल्या की त्याच्या पायात काटा गेला, आणि गोठ्याचे कवाड लावून घेतले. मी बघतो म्हटले तर आत येऊ दिले नाही. काल बाहेर काढला. हाडे दिसतात, पण खातो. काटा मोठा असावा.

तुझे पत्र वाचून दाखवले. बाळंतिणीच्या गोष्टीला मी फार हसलो, आत्या हसल्या नाहीत. खण त्यांनी फडताळात ठेवला आहे. पाहुणी मी अजून पाहिली नाही.

डॉक्टरांना घेऊन ये. बाशिंग्याचे जे व्हायचे ते होईल, गावची बाकीची गुरे तरी वाचवा. लोभ आहेच, तो या दिवसांत जपून ठेव.

लालसाब

•

सोलापूर, ता. ९ ऑक्टोबर १९३१

ती. आज्जीस सिद्धाप्पाचा नमस्कार. वि. वि. हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. सोमवारी डॉक्टरसाहेब लस घेऊन हिरेवाडीला येतील. गावातले एकही जनावर शिवेबाहेर जाऊ देऊ नये, असे पाटलांना वेगळे कळवले आहे. मला दुसऱ्या गावी धाडले आहे, नाहीतर मीच आलो असतो.

आज्जी, मी सात वर्षांचा असताना मला देवी आल्या होत्या. तू दाराला लिंबाचा डहाळा लावलास आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एवढेच सांगत राहिलीस की घरी पाहुणी आली आहे. नाव घेतले की ती ऐकते आणि मुक्काम वाढवते, हे मला तूच शिकवलेस. त्या पाहुणीचे वण माझ्या गालावर आहेत, रोज दाढी करताना बोटाला लागतात. तरी तुझे पत्र हातात घेऊन मी खण विकत आणायला गेलो. त्या दिवशी लस निघाली असती. माझ्या टेबलामागच्या फळीवर सहा बाटल्या होत्या.

लपवणाऱ्यांना हसत होतो तो मी. आज दवाखान्यात कुणाच्या तोंडाकडे बघवत नाही.

हे तुला लालसाबकाका वाचून दाखवत असतील. काका, इथे थांबा. पुढचे आज्जी सांगेल. आज्जी, तू सांगितले नाहीस तर मी येऊन सांगेन. पण माझ्या तोंडून ती चहाडी होईल.

तुझाच,
सिद्धाप्पा

•

॥ श्री ॥

हिरेवाडी, आश्विन शुद्ध ६

चि. सिद्धाप्पास आज्जीचे आशीर्वाद. वि. वि. या वेळी खुशाली विचारू नको.

काका, इथे थांबा, असे आले तिथे लालसाब खरेच थांबला. कागदाची घडी केली आणि माझ्याकडे बघत बसला. मग मी सांगितले. कोसाचे डोळे गळत होते ते मी पहिल्या सकाळीच बघितले होते, आणि तरी पुढचे तीन दिवस त्याला बाशिंग्याच्या बरोबरीने जुवाखाली दिला. लालसाबपुढे ताक होते. ते तसेच ठेवून तो उठला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या, त्यात मी कुणाला हार जात नाही. उठून जाणाऱ्याला काय परत द्यायचे?

दुसऱ्या दिवशी बाशिंग्या गेला. हुकमाप्रमाणे पुरुषभर खड्डा, कातडे काढायचे नाही, वरून चुना. गावातले कुणी हात लावायला येईना. लालसाब आणि अजीजा दोघेच खणत होते. मी फावडे घेऊन गेले. अजीजाने ते माझ्या हातातून घेतले, बाजूला ठेवले, आणि पुन्हा खणायला लागली. या वयात मला कामावरून काढून टाकणारी ती पहिली. मी बांधावर बसून राहिले. बैलाच्या कपाळावरचा पांढरा पट्टा शेवटी झाकला गेला.

सोमवारी डॉक्टर आला. चावडीपुढे गावची सगळी गुरे उभी करून टोचली. आपल्या म्हशीने शेपटी मारून डॉक्टराची टोपी पाडली. आपल्या घरातून त्या दिवशी एवढाच पराक्रम झाला. मग तो वही उघडून विचारायला लागला की रोग पहिल्यांदा कुणाच्या गोठ्यात दिसला. सगळ्यांनी एका तोंडाने लालसाबचे नाव घेतले. लालसाब तिथेच उभा होता. त्याला आता ठाऊक होते, तरी त्याने माझ्याकडे बोट केले नाही. डॉक्टराने लिहायला घेतले. सिद्धाप्पा, खोटे कशाला सांगू, लिहून होऊ दे असे एकदा माझ्या मनात आले. मग मी पुढे झाले आणि म्हटले, खोडा ते, पहिला बैल माझा. त्याने विचारले, काय झाले होते. सरकारी वहीत पाहुणी कशी चालेल? जन्मात जिभेवर न घेतलेले नाव मी चावडीवर घेतले. ईश्वरप्पा पाटलाला केवढी संधी होती, पण तोसुद्धा दुसरीकडे बघायला लागला. टोमणा मारला असता तर बरे झाले असते. अंगठा दिला. शाई पदराला पुसली, तर पदरालाही लागली.

वापसा जाईल म्हणून लपवले, असे मी स्वतःला सांगत होते. ते अर्धेच खरे. ज्या तोंडाने चावडीवर मिरवले त्याच तोंडाने पाटलाकडे वर्दी द्यायला जाववेना. आणि तुला लिहायचे तर लिहिणारा लालसाब. म्हणून पाहुणी म्हटले. तू समजशील आणि त्याला कळणार नाही, असा माझा हिशेब. झाले असे की तू समजला नाहीस, आणि ती त्याच्याच घरी गेली. तुला शरम वाटते म्हणतोस. ती माझी आहे, तू घालू नको, तुझ्या अंगाला मोठी होईल.

अजीजाच्या शेजारी आता बायका पाणी भरतात. माझ्या शेजारी कुणी घागर टेकत नाही. ठीकच आहे.

कोसाला अजून दहा दिवस गोठ्याबाहेर काढू नये, असे डॉक्टराने सांगितले आहे. एकदा हुकूम मोडून बघितला, आता मोडणार नाही. दहा दिवस झाले की दावे लालसाबच्या दारात बांधणार आहे. तो म्हणतो, मला नको. मी म्हटले, तू आणून सोड, मी परत नेऊन बांधीन, बघू कोण आधी थकते. पेरणी दोघांचीही अर्धीच राहिली.

इतके दिवस पत्र लिहायला कुणी नव्हते. शाळेतले संगप्पा मास्तर आहेत, पण हे दुसऱ्याच्या अक्षरात जायला नको होते. आज लालसाब आपणहून दौत घेऊन आला. सांगा आत्या, एवढेच म्हणाला. ताक पुढे ठेवले आहे. त्याने अजून तांब्याला हात लावलेला नाही.

आता खालचे वाक्य त्याने शुद्ध करायचे नाही. मी बोलेन तसेच लिहायचे. बुळकांडी माज्या गोठ्यात आली, मी लपिवली, आन लालसाबच्या बैलाला मी लावली. त्येची चूक न्हाय, माजी हाय.

तुझा खण फडताळात आहे. कुणाला द्यावा कळत नाही. जिच्यासाठी होता ती ओटी न भरताच गेली.

माझ्यावर उरली असेल तेवढी माया ठेव.

केराबाई, हिचा अंगठा

ता. क. शेवटचे वाक्य आत्यांनी तीनदा सांगितले. मी एकदाच लिहिले आहे. ताक घेतलं. मीठ न्हवतं. — लालसाब