शेजारच्या सीटचा ब्रेक

ती. अक्का यांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? (मागच्या दोन पत्रांतही हेच विचारलं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हा गुडघा तुमच्यासारखाच ताठ असणार असं समजतो.) इकडे मी ठीक. साखर आटोक्यात, दात चार कमी, घर जागच्या जागी. फक्त त्यात बोलायला कोणी नाही, त्यामुळे पत्र लांबेल.

निमित्त असं की मी पास झालो. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, दुसऱ्या खेपेला, सरकारी शिक्क्यानिशी मी मोटार शिकवणारा मास्तर झालो आहे. हसून घ्या, मी थांबतो. खरं तर तुम्हाला हसू येणार नाही, राग येईल, हेही मला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या धाकट्या बहिणीला गाडी शिकवायचं मी मनावर घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी, दवाखान्यापुढच्या चौकात तिच्या हातून गाडी बंद पडली म्हणून भर रस्त्यात तिला "उतर खाली" म्हणालो. ती उतरली. चालत तुमच्याकडे आली. संध्याकाळी परतली, स्वयंपाक केला, आणि पुन्हा कधी माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. त्या दिवसापासून तुम्हीही माझ्या गाडीत बसला नाहीत. शेवटी तिला दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा तुम्ही मागून बसने आलात.

ती गेल्यावर चार महिन्यांनी मी गाडी धुवायला काढली. शेजारच्या सीटखालची रबरी मॅट उचलली, तर तिला टाचेएवढं भोक. आधी उंदरांवर संशय घेतला (आणि औषधही आणलं). मग लक्षात आलं की तो तिचा उजवा पाय. मी गाडी चालवायचो तेव्हा ती शेजारी बसून सारखा ब्रेक दाबायची, जो तिथे नव्हताच. मी थट्टा करायचो, "दाब, दाब, तुझ्यामुळेच थांबतेय गाडी." ते भोक हातात धरून मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, तर डोळ्यांत साबण गेला म्हणून सांगितलं. बादलीत साबण घातलेलाच नव्हता.

त्यानंतर एकदा ड्रायव्हिंग स्कूलसमोर शिकाऊंची गाडी उभी दिसली. सहज आत डोकावलो, तर शेजारच्या सीटपुढे खराखुरा ब्रेक. तिला हवा होता तसा, अगदी त्याच जागी. मी तडक आत गेलो आणि मालकीणबाईंना म्हणालो, मला त्या सीटवर बसायचंय. त्यांनी समजूत घातली की काका, शिकणारे दुसऱ्या बाजूला बसतात. हा गैरसमज मिटायला पंधरा मिनिटं गेली.

मला तयार करण्याचं काम मालकीणबाईंच्या मुलीकडे आलं. वय चोवीस, आवाज मऊ, नजर जेलरची. तिचे नियम असे, की हात मांडीवर, आवाज खाली, जे सांगायचं ते वळणाच्या आधी सांगायचं, वळणानंतर नाही. (वळणानंतर सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली.) पहिल्या दिवशी मी एका किलोमीटरमध्ये अकरा वेळा ब्रेक दाबला. त्यातला एक कुत्र्यासाठी होता, जे झोपलेलं होतं, तेही फुटपाथवर. तिने विचारलं, "काका, तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते?" मी कुत्र्याकडे बोट दाखवलं. पण त्या सीटवर बसलं की भीती वाटतेच, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. धाकटी तिथे सत्तावीस वर्षं बसली होती.

परीक्षेत परीक्षक स्वतःच नवशिक्याचं सोंग घेतात आणि आपण त्यांना शिकवायचं असतं. आमचे परीक्षक भरघोस मिशांचे, धिप्पाड गृहस्थ, पण घाबरण्याचं काम इतकं झकास करत होते की मीच घाबरलो. नेमक्या त्याच दवाखान्यापुढच्या चौकात त्यांनी तीनदा गाडी बंद पाडली. मागून हॉर्न सुरू झाले, माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी त्यांना, चक्क एकेरीत, "उतर खाली" म्हणालो. त्यांनी शांतपणे वही मिटली, उतरले आणि चालू लागले. मी बसलोय मास्तरच्या जागी आणि स्टिअरिंगवर कोणीच नाही. त्या सीटवरून गाडी फक्त थांबवता येते अक्का, हलवता येत नाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. तिची पाठ त्या दिवशी मी पाहिलीच नव्हती. ती उतरल्याबरोबर मी गाडी घेऊन निघून गेलो होतो.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच परीक्षक, तोच चौक. या खेपेला त्यांनी चारदा बंद पाडली (सूड असावा). मी हात मांडीवर ठेवले आणि म्हणालो, "असू दे. मागचे थांबतील. क्लच दाबा, श्वास घ्या, सावकाश." आणि मागचे खरंच थांबले हो. एवढंच म्हणायचं होतं. धड दहा शब्दही नाहीत, आणि ते शिकायला मला तुमची बहीण जावी लागली. परीक्षकांनी डोळ्यांना काय झालं विचारलं, तर सवयीने साबण म्हणालो. त्यांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण पास केलं.

गुडघ्याला शेक देत जा. कळावे.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. मला अजून एकही शिकाऊ मिळालेला नाही. तुम्हाला गाडी शिकायची असेल तर पहिली जागा तुमची. ओरडणार नाही, लेखी देतो.

ता. क. दुसरा. वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल, पत्र यासाठी आहे. कामाच्या पहिल्या दिवशी मला ड्रायव्हिंग स्कूलची जुनी हजेरीबुकं झटकायला दिली. दहा वर्षांपूर्वीच्या एकात धाकटीचं नाव निघालं. ओळीने चोवीस सह्या, तिच्याच अक्षरात, सकाळी अकरा ते बारा, म्हणजे मी ऑफिसात असताना. शेवटी 'उत्तीर्ण'. आणि सोबत कोण येतं, त्या रकान्यात चोवीसही दिवस तुमची सही. लायसन घरात नाही, तेव्हा ते तुमच्याकडेच असणार. पाठवू नका, तिने ज्यांच्याकडे ठेवलं त्यांच्याकडेच राहू दे. तिने मला का सांगितलं नाही, हेही विचारत नाही, ते मला ठाऊक आहे. पण मागच्या सीटवरून तुम्ही चोवीस दिवस पाहिलंत. मी घरात नसलो की ती गुणगुणायची, असं शेजारी सांगतात. गाडी चालवताना गुणगुणायची का, एवढं फक्त कळवा.