जमुनेची नथ

ता. ५ जानेवारी १८६४

आजही मासा हलला! छबीसाठी आठ आकडे मोजेपर्यंत स्थिर राहायचं — माणसं राहत नाहीत, मासा कशाला राहील? आमच्या हौशी साहेबांचं मात्र एकच. जिवंत मासा पाण्यातच टिपायचा. त्यासाठी अचलपूरच्या अब्दुल सत्तार सुताराकडून सागवानी पेटी करवली, एका बाजूला काच. आत कॅमेरा ठेवून ती सापन नदीच्या डोहात अर्धी बुडवायची. साहेब कापूस खरेदीला अमरावतीस गेले. पेटी आणि मी इथे.

ता. ८

छबीच्या काचेवर नुसता पांढरा धूर.

ता. ९

डोहातले मासे देवाचे, कुणी धरत नाही. गोदाबाई रोज कणकेच्या गोळ्या टाकायला येतात. त्यांची लेक जमुना गेली, तिची राख इथेच सोडली. पुढे एका मोठ्या माशाच्या ओठात त्यांनी तिची नथ घातली. आता तो मासाच जमुना. मला मनात हसू आलं.

मग म्हणाल्या, "माहे डोये चालले, किसनराव. होळीनंतर काहीच दिसनार नाही. त्याआधी मले तिची छबी काढून द्या." हातभर अंतरापलीकडचं त्यांना आताच दिसत नाही. मी हो म्हणून बसलो. साहेबांचं राहो, हे काम माझं.

ता. १२, संक्रांत

गोदाबाईंनी माशांना तिळगूळ घातला. जमुना वर आली, नथ चमकली, मी मोजू लागलो — सहावर शेपूट मारून पसार. सात काचा वाया गेल्या.

काचा औषधात धुतात, ते पाणी विषारी. ते लांब खड्ड्यात ओतून माती लोटायची, असं साहेबांनी दहादा बजावलंय. पण बादल्या चढावर न्यायचं त्राण नव्हतं. नदीतच ओतलं. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, असंच लहानपणापासून मानत आलो.

ता. १३

हिवाळ्यात डोहाचं पाणी वाहतं कुठे!

सगळीकडे पांढरी पोटं. जमुनेचे कल्ले अजून हलत होते. तिला वरच्या अंगाला स्वच्छ पाण्यात नेलं, दुपारपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसलो. काही उपयोग झाला नाही. मेलेले मासे लव्हाळ्यात ओढून लपवले.

गोदाबाई आल्या. "आज कावून वर येऊन नाही राहिले?"

थंडी आहे, म्हणालो. स्वतःची लाज वाटते.

ता. १४

दगडाचा टेकू देऊन तिला पाण्यात उभी केली. छबी लख्ख आली. खवला न् खवला, नथीचा मोतीसुद्धा.

ता. १५

गोदाबाईंनी काच डोळ्यांशी नेली. कितीतरी वेळ पाहत होत्या. "पाहा, तुमच्यासाठी उभी राहिली माही जमुना." मग कणकेच्या गोळ्यांचं फडकं माझ्या हातात दिलं. "माह्याच्यानं आता येनं नाही होत. उद्यापासून तुमीच टाकत जा तिले."

मी फडकं घेतलं.