थायरॉईडच्या गोळ्या

असोदा

हितेंद्रभाऊ,

हे पत्र मी टाकणार नाही, तू अडवशील. सकाळपासून झाडलेलंच पुन्हा झाडतेय, जीव थाऱ्यावर नाही. परवा दोंडाईचाची मंडळी मला बघायला आली. माझ्या गोळ्या थायरॉईडच्या आहेत असं सांगायचं, हे तू धुळ्याहून फोनवर बजावलं होतंस. पण मुलाच्या आईने विचारलं आणि मी सांगून टाकलं, "मनाच्या आजाराच्या आहेत. घेतल्या की बरी असते."

आपली आई रडायला लागली. संध्याकाळी नकार आला.

आज त्याच बाईंचा दबक्या आवाजात फोन आला. "बेटा, मनी पोरले बी हाऊच तरास शे. तिले कोठे दखाडू?"

त्यांच्या मुलीलाही माझाच आजार, आणि दाखवायचं कुठे ते ठाऊक नाही. उद्या त्या मायलेकींना जळगावला माझ्या डॉक्टरांकडे नेतेय. तू रागावशील, भाऊ, तरी जाणार.

तुझी,
रूपा