चावी नाही आली तर

कशेळी,
१४ नोव्हेंबर २००६, सकाळ

केसरीदादा,

खुशाल असशील असं लिहिणार होतो, पण आत्ता तू राहनाळला गोडाऊनसमोर उभा असशील आणि मागे ट्रकची लाईन लागली असेल, तेव्हा राहू दे. वहिनीला नमस्कार, उन्नतीला पापा. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

फोन मुद्दाम बंद ठेवलाय. फोनवर तू ओरडतोस आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून चिठ्ठी. सुफियान बाईकवरून आणून देईल. त्याच्यावर आवाज चढवू नकोस. तो फक्त माझा खोलीमित्र आहे, त्याच्याच घरी मी राहतो.

ऑफिसात मला सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट केलं तेव्हा तू अख्ख्या आळीला सांगून हसलास. डिप्लोमा अर्धा सोडला, वापीपर्यंत ट्रकवर क्लीनर म्हणून हिंडला, आता आर्किटेक्ट झालाय, तर माझ्या संडासाचा नकाशा काढ म्हणावं. खरं म्हणजे आधीचा माणूस दुबईला गेला म्हणून मला केलं. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं आणि पहिलं काम दिलं ते तुझ्या गोडाऊनच्या सॉफ्टवेअरचं. ते पुस्तक मी तुझ्याच गोण्यांवर बसून वाचलं. तिथं एका मांजरीने पिल्लं घातली होती, एक पूर्ण पांढरं, अर्धा दिवस त्याच्यातच गेला. असो.

या कामात आधी चित्रं काढतात. मोठी चौकट म्हणजे सॉफ्टवेअर. आत लंबगोल, एकेक लंबगोल म्हणजे एकेक काम, त्याला यूज केस म्हणतात. चौकटीबाहेर काडीची माणसं, ती कामं करणारी. मी पहिला लंबगोल काढला, ‘गोडाऊन उघडणे’. त्याला रेघ जोडून काडीच्या माणसाखाली लिहिलं, आक्का. सुफियान म्हणाला, नाव नाही लिहायचं, हुद्दा लिहायचा. पण आपल्या थोरल्या बहिणीचा हुद्दा काय लिहू? बाबा गेल्यापासून त्या कुलपाला तिच्याशिवाय कुणी हात लावलेला मी बघितला नाही.

ते चित्र तुला दाखवलं तर म्हणालास, “हिला काढ. कंपनीची माणसं गोडाऊन भाड्यानं घ्यायला येणार हायेत, त्यांना एकच मालक दिसला पायजे.” मला वाटलं, चित्राबद्दल बोलतोयस.

पुस्तकात प्रत्येक कामाखाली आणखी एक जागा असते. हे झालंच नाही तर काय करायचं, ते तिथं लिहितात, पर्यायी मार्ग. मोहिउद्दीन मुकादमासमोर चहा पिताना मी तुला विचारलं होतं, चावी नाही आली तर?

“असं होतच न्हाय,” तू म्हणालास. “आक्का जाते कुठं? तिला हाय कोण?”

मुकादमाने चहा अर्धा ठेवला. मी ती जागा कोरी ठेवली.

मग भाऊबीज आली. तिनं तुला ओवाळलं आणि तू ताटात साडी ठेवलीस. साडीखाली हक्कसोडीचा स्टँप पेपर. साक्षीदार म्हणून माझं नाव टाइप केलेलं, मला न विचारता. आक्काने साडीही उचलली नाही, कागदही नाही. तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. आणि परवा तिच्या खोलीची वीज तोडलीस. सख्ख्या बहिणीची.

आज सकाळी आक्का टमटमने कशेळीला आली. पदराच्या गाठीला चावी. आत्ता ती सुफियानच्या अम्मीबरोबर, कुबराचाचींबरोबर, बोंबील साफ करतेय आणि कसे कापायचे यावरून दोघींचं वाजतंय. तिला कोण आहे विचारत होतास ना.

तू कुलूप तोडशील. तोड. पण तुटलेल्या कुलपाच्या गोडाऊनमध्ये मुकादमाचे हमाल पाय ठेवत नाहीत, ही तिथली रीत तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. नंतर माल कमी भरला तर ते हमालांच्या अंगावर येतं. म्हणजे आत तू एकटा जाशील आणि गोण्याही तूच उचलशील.

आता पर्यायी मार्ग. तो कागद तिच्यासमोर फाडायचा. सात-बारावर तिचं नाव आहे तसं राहील, चावी तिच्याकडे राहील. बाकीचा व्यवहार तू बघ म्हणते ती. मी एवढ्यावर सोडलं नसतं, पण मला कोण विचारतो.

चित्रात आक्का होती तिथेच आहे. आज एक काडीचा माणूस वाढवला, कुलपाबाहेर उभा असलेला. त्याला रेघ अजून कशालाच जोडलेली नाही. यायचं तर स्वतः ये, ड्रायव्हरला पाठवू नकोस.

आक्काला म्हटलं, खाली तूही सही कर. हात धूत म्हणाली, “माझ्या सहीची त्याला वाट बघू दे.”

तेव्हा सही एकट्याचीच,
अजून तरी तुझा भाऊ,
धनेश